सम-विषम

मुलुंड ते मरोळ पन्नास मिनिटं लागली, आणि मरोळ ते मरोळ पंचेचाळीस. गेल्या गौरी-गणपतीतली ही गोष्ट. ३१ ऑगस्ट २०२५, रविवार. गौरी यायच्या होत्या त्या दिवशी मामांकडे. मामांची इमारत चर्च रोडच्या आतल्या गल्लीत, सत्तरच्या दशकातली, तीन मजली. ती बांधली तेव्हा बिऱ्हाडं चोवीस आणि वाहन एकच, ते म्हणजे दूधवाल्याची सायकल. त्यामुळे तळमजल्यावर गाड्यांसाठी जागा ठेवावी हे कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आता गल्लीच्या दोन्ही टोकांना वाहतूक पोलिसांची पाटी आहे : या बाजूला विषम तारखेला गाड्या लावा, त्या बाजूला सम तारखेला. मी तीन फेऱ्या मारल्या, एका टेम्पोवाल्याच्या पाया पडलो, तेव्हा कुठे विषम बाजूला जागा मिळाली.

जिना चढतानाच मोबाइल दोनदा वाजला. मामांनी दार उघडलं आणि माझा चेहरा बघून चपला काढायच्या आत पहिला प्रश्न केला.

मामा बेस्टमधून चालक म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा बराचसा भाग मरोळ आगारात आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावर, ३३२ आणि ३४० नंबरच्या बसवर गेला. या माणसाशी पार्किंगवर बोलायला बसणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्याविषयी सांगण्यासारखं. पण मला त्या दिवशी वाद घालायचाच होता, कारण मला राग आला होता.

मामा : किती?

मी : पंधराशे. नो पार्किंगचं चलान. परवा इथंच, मरोळ नाक्याजवळ दहा मिनिटं गाडी लावली होती.

मामा : पाचशे असतात ना?

मी : पहिल्या खेपेला पाचशे. पुन्हा सापडलं की पंधराशे.

मामा : म्हणजे पाचशेत तू शिकला नाहीस.

मी : शिकायचं काय त्यात? पूर्वी दोनशे होते. केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातले दंड वाढवले, आपल्या सरकारने दोन वर्षं ते लांबवले आणि डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. दंड वाढला, जागा वाढली का? या गल्लीत एक इंच तरी?

मामा : गल्ली वाढणार नाही. गल्लीला काय पगारवाढ असते?

मी : हेच म्हणतोय मी. जागाच नाही तिथं दंड म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नव्हे, गाडी असल्याचा कर झाला. तोही सगळ्यांना नाही. टॉवरमध्ये ज्यांना दोन-दोन गाड्यांचं पोडियम आहे त्यांना शून्य, आणि चाळीत, गावठाणात, तुमच्यासारख्या जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना महिन्याला पंधराशे.

मामा : तू कुठे राहतोस इमारतीत? तू पाहुणा. मुलुंडहून घाटकोपरला लोकलने यायचं, तिथून मेट्रो धरायची, मरोळ नाक्याला उतरायचं. ही मेट्रो २०१४ पासून आहे. सहा वर्षं तिचे खांब उभे राहत होते तेव्हा त्या खड्ड्यांतून मी बस काढली आहे. आता तर त्याच नाक्यावर खालून भुयारी मेट्रोही जाते. एवढं सगळं खोदलं ते कुणासाठी?

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण सोबत गौरीचं सामान होतं, डबे होते, बायको दुपारी येणार होती, वगैरे वगैरे. ते सगळं मी सांगितलं. मामांनी ते ज्या चेहऱ्याने ऐकलं, त्याच चेहऱ्याने कंडक्टर सुट्टे पैसे नसलेल्या प्रवाशांकडे बघत असावेत.

मी : बरं, दुसरी गोष्ट. चलान म्हणजे निकाल नव्हे, मामा. तो आरोप आहे. पोलिसाचं म्हणणं आहे की अमुक गाडी अमुक ठिकाणी होती. मान्य असेल तर पैसे भरून तडजोड करायची, नसेल तर दंडाधिकाऱ्यासमोर म्हणणं मांडायचं. आपल्याकडे लोकांना दोनच गोष्टी ठाऊक, मुकाट भरा नाहीतर दुर्लक्ष करा.

मामा : आणि तू दंडाधिकाऱ्याला काय सांगणार? गाडी तिथं नव्हती म्हणून?

मी : पाटी नव्हती म्हणून. नो पार्किंगची पाटीच नव्हती तिथं.

मामा : कुठे लावली होतीस नेमकी?

मी : बसथांब्याच्या थोडी पुढे.

मामा हसले. मोठ्याने नाही, पण स्वयंपाकघरातून मामीने डोकावून बघण्याइतपत.

मामा : अरे, बसथांब्याला पाटी लागते? फूटपाथ, झेब्रा, दवाखान्याचं फाटक, उभ्या गाडीला लागून दुसरी गाडी, इथं गाडी लावू नये हे पाटीवर लिहून द्यायचं? तुझ्या त्या मोबाइलवर बघ, नियमात असणार.

बघितलं. होतं. २०१७ सालच्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांत ही जागांची जंत्री दिली आहे. पाटी असो वा नसो, तिथं वाहन उभं करायचं नाही. माझा बचाव दोन मिनिटांत निकालात निघाला होता.

मामा : थांब्यासमोर गाडी असली की बस कडेला लागत नाही. मधल्या लेनमध्ये थांबते. म्हातारी बाई रस्त्याच्या मध्यावर उतरते, मागचे रिक्षावाले हॉर्न मारतात. साकीनाक्याकडे वळताना एकदा एका साहेबांची गाडी कोपऱ्यात होती. पाच मिनिटांत आलो म्हणाले, आलेही पाच मिनिटांत. माझ्या बसमध्ये साठ माणसं. साठ गुणिले पाच, किती झाले?

मी : तीनशे मिनिटं.

मामा : पाच तास. हे पाच तास कुणाच्या पावतीवर फाडायचे? पंधराशे स्वस्त आहेत रे.

हा हिशेब मी त्याआधी कधी केला नव्हता. तरी माझं एक अस्त्र बाकी होतं, आणि ते मुंबईकरांना विसरता न येण्यासारखं आहे.

मी : स्वस्त म्हणता, तर महाग करून बघितलंच होतं की. जुलै २०१९. सार्वजनिक वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात रस्त्यावर गाडी लावली तर पालिकेचा दंड : दुचाकीला कमीत कमी पाच हजार, मोटारीला दहा हजार, आणि अवजड वाहनाला टोइंग, उशिराचा आकार सगळं धरून २३,२५० रुपयांपर्यंत. लोक म्हणाले, सेकंड हँड स्कूटर याहून स्वस्त मिळते. काय झालं पुढे? काही महिन्यांत पालिकेलाच दंड खाली आणावा लागला. रस्ते तेव्हाही भरलेले, आजही भरलेलेच.

मामा : आणि महापौरांची गाडी?

मी : तीच तर गंमत. त्याच महिन्यात तेव्हाचे महापौर विश्वनाथ महाडेश्वर यांची गाडी विलेपार्ल्यात नो पार्किंगमध्ये सापडली. फोटो सगळीकडे फिरले. आणि दंड कुठला लागला? पालिकेचा दहा हजारांचा नव्हे, वाहतूक पोलिसांचं साधं ई-चलान. म्हणजे मोठा दंड आखणाऱ्या संस्थेच्या पहिल्या नागरिकालाही तो लागला नाही.

मामा : चलान तर लागलं ना? मला तेवढं पुरे.

मी : आणि ते वाहनतळ, त्यांचीही कथा ऐका. विकास नियंत्रण नियमावलीत ३३(२४) म्हणून एक कलम होतं. बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला द्यायचा, बदल्यात त्याला जादा एफएसआय. टॉवर उंच झाले, खाली वाहनतळ तयार झाले. पण ते जिथे बिल्डरला परवडले तिथे, गरज होती तिथे नव्हे. कित्येक मजले ओस आणि बाहेरच्या रस्त्यावर दुहेरी रांगा. पालिकेने हे रिकामे मजले भरण्यासाठी दंडाचा दांडका उगारला. मरोळच्या या गल्लीतल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मामा : हे मला पटतं. बेस्टच्या आगारांतही खासगी गाड्या लावायला दिल्या तेव्हा आम्ही चालक लोक म्हणायचो, आता बस कुठे लावायच्या ते सांगा.

मामा एकदम माझ्या बाजूने बोलल्यावर मीच गोंधळलो. पण ते लगेच मूळ मुद्द्यावर आले, आणि त्या दुपारचं सगळ्यात शहाणपणाचं बोलणं इथेच झालं असं मला वाटतं.

मामा : तुझी चूक एवढीच की तू दंडाच्या आकड्याशी भांडतोस. बसमध्ये लोक तिकीट का काढतात? दंड मोठा आहे म्हणून? नाही. तपासनीस कुठल्याही थांब्यावर चढू शकतो म्हणून. ज्या मार्गावर तपासनीस वर्षातून एकदा येतो, त्या मार्गावर दंड दहा हजार केलास तरी माणूस फुकट बसणार. कारण तो मनात हिशेब करतो, आज नाही येणार. तुमच्या २३ हजारांचं तेच झालं. शंभरातल्या एकाला गाठायचं आणि त्याला पार झोपवायचं. त्यापेक्षा शंभरातल्या नव्वदांना पाचशे लावा.

मग मी त्यांना न्यूयॉर्कच्या राजनैतिक अधिकाऱ्यांची गोष्ट सांगितली. संयुक्त राष्ट्रांमुळे तिथे सगळ्या देशांचे अधिकारी राहतात आणि त्यांना राजनैतिक संरक्षण असल्यामुळे पार्किंगचा दंड वसूल करता येत नसे. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ ते २००२ या काळातल्या न भरलेल्या पावत्या तपासल्या. दीड लाखांहून जास्त निघाल्या. कुवेतच्या अधिकाऱ्यांच्या माणशी वर्षाला जवळजवळ अडीचशे, तर नॉर्वे, स्वीडन, जपान यांच्या जवळपास शून्य. त्यांचा निष्कर्ष, माणूस आपल्या देशातल्या सवयी सोबत घेऊन जातो.

मामा : मग? संस्कार म्हणायचे?

मी : पुढे ऐका. २००२ च्या शेवटी शहराला अधिकार मिळाला की थकबाकीदाराच्या गाडीची राजनैतिक नंबर प्लेट काढून घ्यायची. पावत्या जवळजवळ ९८ टक्क्यांनी घटल्या.

मामा : म्हणजे माझा तपासनीस चढला! संस्कार वगैरे ठीक आहे, पण बारा देशांचे साहेब एका वर्षात सुधारले ते प्लेटीमुळे.

गोष्ट मी माझ्या बाजूने सांगायला गेलो होतो. तिचा उपयोग मामांनाच झाला.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. ती सकाळी गौरीच्या तेरड्यासाठी बाजारात जाऊन आली होती. हातात दोन पिशव्या, फूटपाथवर ओळीने दुचाक्या, म्हणून चर्चपर्यंत रस्त्यावरूनच चालावं लागलं. एका रिक्षाचा आरसा तिच्या कोपराला घासला होता. तिने कोपर दाखवलं, कुणाला काही म्हणाली नाही, आणि आत गेली. मला तो चहा जरा जड गेला.

मी विषय बदलायचा म्हणून टोइंगवर आलो.

मी : तपासनीस म्हणता, पण टोइंगवाले म्हणजे काय तपासनीस? पोरं गाडीवर झडप घालतात. २०१७ च्या नोव्हेंबरात मालाडला बाळाला पाजत बसलेली बाई गाडीत असताना गाडी ओढली गेली. व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला, हवालदार निलंबित झाला. २०२२ मध्ये संजय पांडे पोलीस आयुक्त झाले तेव्हा त्यांनी टोइंगच प्रायोगिक म्हणून बंद केलं होतं.

मामा : मग रस्ते मोकळे झाले?

मी : ते नाही सांगता येत. पण कायदा काय म्हणतो? कलम १२७. बंदी असलेल्या जागी लावलेली गाडी हलवायची परवानगी गणवेशातला पोलीस देऊ शकतो. ठेकेदाराचा पोरगा नव्हे. म्हणून मी लोकांना सांगतो, व्हॅनसोबत पोलीस आहे का बघा, गाडी उचलण्याआधी पोहोचलात तर तिथंच चलान घ्या, पावती मागा. आणि पोलिसाने स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर निवांत चलान टाकायचं नाही, असा आदेश आत्ता जुलैत वाहतूक विभागाच्या वरिष्ठांनीच काढलाय.

मामा : हे सांगणं बरोबर आहे. वर्दीने वर्दीसारखं वागावं. पण तू हे लोकांना रस्ता मोकळा राहावा म्हणून सांगतोस की सुटण्यासाठी?

मी उत्तर दिलं नाही. प्रामाणिक उत्तर असं की आधी सुटण्यासाठी सांगत होतो.

मग मी दुसरं चलान दाखवलं. कारण राग खरा त्याचाच होता. फोटोत एक पांढरी व्हॅन होती. माझी गाडी निळी हॅचबॅक. नंबरातल्या तीनाचा कुणीतरी आठ वाचला होता, की आठाचा तीन. ती व्हॅन ज्या जागी उभी होती तिथं मी आयुष्यात गेलेलो नाही.

मामा : हे भरायचं नाही.

मी : तुम्ही म्हणता? तुम्ही तर म्हणालात पंधराशे स्वस्त.

मामा : तुझ्या गाडीला स्वस्त. दुसऱ्याच्या व्हॅनला तू का भरायचं? खोटं तिकीट पंच केलं तर कंडक्टरलाही मेमो मिळतो.

इथून पुढचा अर्धा तास आम्ही एका बाजूला होतो. महाट्रॅफिक ॲपवर आणि ई-चलानच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे. आरसीचा फोटो, माझ्या गाडीचा समोरून आणि मागून फोटो, आणि चलानावरचा फोटो, असे चार जोडले. तक्रार मोजक्या शब्दांत लिहिली. मामांनी माझं ‘निष्काळजी व्यवस्था’ हे पहिलं वाक्य काढून टाकायला लावलं. म्हणाले, साहेबाला फोटो बघू दे, तुझा राग नको. आगारातल्या खातेनिहाय चौकश्यांचा अनुभव बोलत होता.

मी वकील मित्राचा सल्लाही सांगितला. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यावी लागते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. त्यामुळे बरेच जण गप्प बसतात, मुदत उलटेल म्हणून वाट बघतात. राज्यात थकलेली चलानं दोन हजार कोटींच्या पुढे गेल्याच्या बातम्या उगाच येत नाहीत.

मामा : आणि गाडी विकताना?

मी : तेव्हा नोंद पुढे येते. घेणारा विचारतो, कागद अडतात.

मामा : मग मुदत उलटली कुणाची?

लोकअदालतीचंही निघालं. राष्ट्रीय लोकअदालत १३ सप्टेंबरला होती. व्हॉट्सॲपवर पन्नास टक्के माफीचे संदेश फिरत होते. लोकअदालतीत थकीत चलानांची तडजोड होऊ शकते, पण माफीचा आकडा व्हॉट्सॲपवर ठरत नाही, आणि तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, हे मी मामांना सांगितलं. त्यांनी उलट मला शेजाऱ्याचा किस्सा सांगितला : ‘तुमचं चलान’ म्हणून मोबाइलवर फाइल आली, .एपीके की काय ती, त्याने उघडली आणि खात्यातले पैसे गेले. चलानाचा दंड पाचशे, गेले एकूण अठ्ठावीस हजार. तेव्हापासून मामा कुठल्याही चलानाचा संदेश उघडत नाहीत. त्यांच्याकडे वाहनच नाही, ही गोष्ट वेगळी.

संध्याकाळ होत आली. गौरी दारात आल्या, मामीने पावलं उमटवली, आरती झाली. जेवताना पुन्हा विषय निघाला, कारण मामांच्या सुनेला नवी गाडी घ्यायची होती.

मामा : गाडी घेण्याआधी लावायची कुठे ते सांग. परिवहन मंत्री सरनाईक यंदा तेच म्हणाले ना, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नोंदणी नाही?

मी : जपानमध्ये १९६२ पासून आहे तो नियम. गाडी घेणाऱ्याने जागेचा दाखला पोलिसांकडून आणायचा. पण मुंबईत तो आणलात तर गाडी फक्त पोडियमवाल्यांनाच मिळेल. मुंबईत ४० लाखांच्या वर वाहनं आहेत, त्यातल्या निम्म्यांना तरी दाखवायला जागा आहे का?

मामा : आज ज्यांना जागा नाही ते कुणाच्या जागेत लावतात? तुझ्या मामीच्या.

सून गप्प बसली. गाडीचा विषय तात्पुरता मागे पडला. माझा मुद्दा खोटा नव्हता आणि मामांचाही नव्हता. पण जेवताना मामीचं कोपर माझ्या नजरेसमोर होतं, त्यामुळे मी पुढे काही बोललो नाही.

रात्री साडेअकराला मी मोबाइल काढून पंधराशे भरले. बसथांब्याचे. पांढऱ्या व्हॅनच्या चलानापुढे ‘तक्रार प्रलंबित’ असं दिसत होतं, आजही महिन्यातून एकदा मी ते बघतो. गल्लीतून गाड्या सुरू होण्याचे आवाज येऊ लागले. रोज बाराच्या आधी लोक खाली उतरतात आणि गाड्या समोरच्या बाजूला नेतात, सगळी गल्ली अर्धा तास जागी असते. मीही किल्ली घेऊन उठलो. मुक्काम होता, दुसऱ्या दिवशी गौरीपूजन.

मामा लुंगी-बनियनवर खाली आले. रस्त्याच्या मधोमध उभे राहून, हात वर करून, कंडक्टर बसला मागे घ्यायला लावतो तसे सांगू लागले, येऊ दे, येऊ दे, डावीकडे. मी गाडी अर्धी बाहेर काढली होती. मग त्यांनी एकदम हात आडवा धरला.

“थांब. उद्या तारीख काय?”

“एक.”

“आज एकतीस, उद्या एक. दोन्ही विषम. परत लाव तिथंच.”

समोरच्या इमारतीतला माणूस गाडी वळवून त्या बाजूला लावून वर गेलाही होता. मामांनी त्याच्या खिडकीकडे बघून हाक मारायला सुरुवात केली.